दूरस्थ ऑडिटमध्ये दर वेळी येणारा एकच शेरा : ‘सीसीपीवरील देखरेख पडताळता आली नाही’

खानदेशातल्या अन्नप्रक्रिया उद्योगाला दूरस्थ ऑडिट आता नवे राहिलेले नाही. ऑडिटर पुण्यात किंवा मुंबईत बसतो, आपला माणूस फोन हातात धरून त्याला शेडमधून फिरवतो, नोंदवह्या स्क्रीनवर दाखवल्या जातात आणि संध्याकाळी समारोपाच्या बैठकीत निष्कर्ष वाचले जातात. जळगावच्या डाळमिला, सावदा-फैजपूर पट्ट्यातले केळी वेफर्सवाले, नंदुरबारचे मिरचीवाले आणि आमच्यासारखे कांदा निर्जलीकरण करणारे, कोणाशीही बोलले तरी एक तक्रार सारखी कानावर येते. कागदपत्रांचा भाग सुरळीत पार पडतो आणि प्रत्यक्ष उत्पादन दाखवताना घोडे अडते. मग अहवालात वाक्य येते की महत्त्वाच्या नियंत्रण बिंदूवरील, म्हणजे सीसीपीवरील, देखरेख पडताळता आली नाही. पुढच्या ऑडिटला तेच वाक्य पुन्हा येते.

आमच्याकडे ते सलग तीन वेळा आले आणि चौथ्या वेळी आले नाही. मधल्या काळात आम्ही काय तपासले, कशाला चुकून कारण समजत राहिलो आणि शेवटी काय बदलले, ते इथे क्रमाने लिहितो आहे. ज्यांच्या अहवालात हा शेरा पुन्हा उमटला आहे त्यांनी नवा राउटर विकत घेण्याआधी हे वाचावे, अशी मनापासून विनंती आहे.

शेरा नेमका कशाबद्दल असतो

आमच्या कारखान्यात पांढरा कांदा येतो. सोलणे, शेंडा-बुडखा कापणे, क्लोरीनच्या पाण्यात धुणे, काप करणे आणि पट्ट्याच्या ड्रायरमधून वाळवणे झाले की निवडाई होते, आणि पिशवीबंद माल शेवटी मेटल डिटेक्टरमधून जातो. कापणीच्या पात्याचा तुकडा, जाळीची तार किंवा नटबोल्ट मालात राहिला तर त्याला अडवणारी ही शेवटची जागा असल्यामुळे तो आमचा सीसीपी आहे. दर दोन तासांनी लोखंड, अलोह धातू आणि स्टेनलेस स्टील असे तीन चाचणी तुकडे यंत्रातून सोडायचे, तिन्ही तुकडे यंत्राने बाहेर टाकले की नाही ते पाहायचे आणि नोंद करायची, ही झाली देखरेख. तिन्ही वेळा शेरा याच जागेवर आला.

आयएसओ २२०००:२०१८ या अन्नसुरक्षा व्यवस्थापनाच्या मानकात तात्पुरती दुरुस्ती आणि सुधारात्मक कृती या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. पहिलीत जे बिघडले ते सरळ करायचे असते, तर दुसरीत ते का बिघडले याच्या मुळाशी जाऊन ते पुन्हा होणार नाही असे करायचे असते. तोच शेरा परत येतो याचा अर्थ आपण पहिल्या पायरीवरच थांबलो. आम्ही दोन वर्षे तिथेच थांबलो होतो, कारण आमच्या दृष्टीने कारण उघड होते : नेटवर्क.

पहिली तपासणी : चित्र कुठे तुटते

नेटवर्क हे खोटे कारण नव्हते, ते अर्धे कारण होते. त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी, पण नीट करावी. इंटरनेटचा वेग मोजताना बहुतेक जण डाउनलोडचा आकडा पाहतात आणि निश्चिंत होतात. दूरस्थ ऑडिटमध्ये चित्र आपल्याकडून बाहेर जाते, म्हणून अपलोडचा आकडा महत्त्वाचा असतो. चालता चालता स्वच्छ चित्र पाठवायचे तर दोन ते चार एमबीपीएस अपलोड प्रत्येक जागी सातत्याने मिळायला हवा, आणि ऑफिसच्या टेबलावर तो मिळाला याला काही अर्थ नाही.

आम्ही एका सुट्टीच्या दिवशी फोन घेऊन ऑडिटच्या ठरलेल्या वाटेने चाललो आणि दर दहा पावलांवर अपलोड मोजून शेडच्या नकाशावर आकडे लिहिले. निवडाईच्या खोलीत शिरताच आकडा जवळपास शून्यावर आला. भिंतींचे पफ पॅनेल (मध्ये फोम भरलेले) दोन्ही बाजूंनी पत्र्याचे असतात आणि वरचे छतही पत्र्याचे असते; अशी खोली रेडिओलहरींसाठी बंद डब्यासारखी होते. तिथल्या सुपरवायझरने इतकेच सांगितले, “आठे कधीच रेंज नही शे, भाऊ.” हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते आणि आम्ही त्याला कधी विचारलेच नव्हते. केळी पिकवण्याच्या चेंबर्समध्ये आणि शीतगृहांतही नेमके हेच घडते.

बाहेर कितीही ताकदीचा राउटर लावला तरी अशा खोलीत उपयोग होत नाही. ऑफिसपासून लॅनची केबल ओढून त्या खोलीच्या आत स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे उपकरण, बसवावा लागतो. तांब्याच्या केबलची लांबी शंभर मीटरच्या आत ठेवावी, त्यापुढे मध्ये नेटवर्क स्विच द्यावा. एका ॲक्सेस पॉइंटकडून दुसऱ्याकडे जाताना फोन जुन्यालाच चिकटून राहतो आणि पाच-सहा सेकंद चित्र गोठते, म्हणून दारात थांबून फोन नव्या जोडणीवर आला की पुढे चालायचे, एवढी सवय फोन धरणाऱ्याला लावली.

उन्हाळ्याचा मुद्दा खानदेशात वेगळा सांगायला हवा. कांद्याचा हंगाम आणि जळगावचा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा मे महिना एकत्र येतात, आणि ड्रायरजवळ त्यात आणखी भर पडते. अनेक स्मार्टफोन भोवतालच्या पस्तीस अंशांपर्यंतच नीट चालतील असे गृहीत धरून बनवलेले असतात. त्यापुढे स्क्रीन मंद होते, कॅमेरा बंद पडतो, आणि ऑडिटरला वाटते की आपण मुद्दाम फोन खाली केला. आम्ही आता ड्रायरचा भाग सकाळी पहिल्यांदा दाखवतो आणि दुसरा फोन ऑफिसच्या थंड खोलीत तयार ठेवतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर भर उन्हात चालत ऑडिट देणाऱ्यांना ही अडचण आमच्याहून जास्त असणार.

इतके सगळे केले, चित्र अखंड झाले, आणि तिसऱ्या ऑडिटलाही शेरा आला.

दुसरी तपासणी : चित्र स्वच्छ असताना काय दिसले

तिसऱ्या ऑडिटचे ते दृश्य मी विसरलेलो नाही. फोन मेटल डिटेक्टरच्या तोंडाशी नेला होता, चाचणी तुकडे स्पष्ट दिसावेत म्हणून अगदी हातभर अंतरावर. यंत्राने चाचणी तुकडा बाहेर टाकला, आणि पाठोपाठ दोन चांगल्या पिशव्याही बाहेर टाकल्या. ऑडिटरने विचारले की यंत्र स्थिर आहे का. आम्ही गोंधळलो. नंतर लक्षात आले की फोनमधले धातूचे भाग आणि त्याच्या लहरी, दोन्हींचा यंत्राच्या क्षेत्रावर परिणाम होतो आणि इतक्या जवळ धरलेला फोन स्वतःच यंत्राला फसवतो. यंत्राच्या तोंडाभोवती धातू न्यायचा नसतो हे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो, आणि ऑडिटच्या दिवशी आम्हीच तो नेला.

मग ऑडिटरने नोंदवही मागितली. ती यंत्राजवळ नव्हती. क्वालिटीच्या केबिनमधून आणावी लागली. पान उघडून कॅमेऱ्यासमोर धरले. आठ, दहा, बारा, दोन अशा चार नोंदी, एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. ऑडिटर काही क्षण शांत राहिले आणि म्हणाले, “मागच्या भिंतीवरचे घड्याळ जरा जवळून दाखवा.” घड्याळात दोनला दहा मिनिटे कमी होती, आणि दोनची नोंद वहीत आधीच भरलेली होती.

त्या क्षणी आमची समस्या राउटरची नव्हती हे स्पष्ट झाले. चित्र तुटत होते तेव्हा ‘पडताळता आले नाही’ या शब्दांचा अर्थ आम्ही सोयीने लावत होतो. चित्र नीट आल्यावरही पडताळता आले नाही, कारण समोर जे होते ते पडताळण्याजोगेच नव्हते.

मूळ कारण : वही यंत्रापासून दूर का गेली

ऑपरेटरला बोलावून रागावणे सोपे होते आणि ते चुकीचे ठरले असते. आम्ही त्याच्याजवळ बसून विचारले. तो चाचणी खरोखर करत होता; पावणेदोनच्या सुमारास, पाळी बदलण्याची गडबड सुरू होण्याआधी. वेळ आणि निकाल तो खिशातल्या चिठ्ठीवर लिहायचा आणि केबिनमध्ये गेला की वहीत उतरवायचा. उतरवताना पावणेदोनचे ‘दोन’ व्हायचे, कारण कार्यपद्धतीत दर दोन तासांनी असे लिहिले होते आणि त्याला वाटे की वेगळी वेळ लिहिली तर ती चूक धरली जाईल.

पण मग वही केबिनमध्ये का होती? कारण काही वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष ऑडिटमध्ये वहीवर डाग, ओल आणि गिरगटलेले आकडे असल्याचा शेरा आला होता. तेव्हाची आमची दुरुस्ती अशी होती की वही स्वच्छ जागी ठेवा. डाग गेले, आणि त्यांच्यासोबत नोंदीची विश्वासार्हताही गेली. एका शेऱ्याला दिलेल्या घाईच्या उत्तरातून दुसरा शेरा जन्माला आला, आणि त्याला आम्ही नेटवर्कचे नाव दिले. समस्या निवारणात ‘का’ हा प्रश्न चार-पाच वेळा विचारायला सांगतात, त्याचे मोल मला या एका वहीने शिकवले.

प्रत्यक्ष ऑडिटमध्ये ही गोष्ट कदाचित सौम्यपणे हाताळली गेली असती. ऑडिटर जागेवर उभा असता, त्याला चिठ्ठी दिसली असती, ऑपरेटरचा हात सरावाचा आहे हे कळले असते. कॅमेऱ्याच्या चौकटीत एवढाच तुकडा दिसतो : वही, घड्याळ, यंत्र. त्या तिघांचा मेळ बसला नाही तर सोबतचे काहीच मदतीला येत नाही.

काय बदलले

नोंदवही यंत्राजवळ परत आली. आता ती वही नाही, धुता येणाऱ्या कडक पाटीवर लावलेला दिवसाचा एक तक्ता आहे, आणि पाटीला निळे पेन दोरीने बांधलेले आहे. हे पेन मेटल डिटेक्टरला सापडेल अशा प्लास्टिकचे घेतले, म्हणजे तेही मालात पडले तर अडकेल. कार्यपद्धतीत ‘दर दोन तासांनी, पंधरा मिनिटे अलीकडे-पलीकडे’ असे लिहिले आणि प्रत्यक्ष घड्याळात असेल तीच वेळ लिहायची असे ठरवले. १०.०७ लिहिणे ही चूक नाही, ती खरी नोंद आहे, हे आठवडाभर रोज सांगावे लागले. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करायची; खाली काय लिहिले होते ते वाचता यायला हवे. तक्त्यावर कांद्याच्या धुळीचा डाग पडला तर पडू दे, अशी सूचना क्वालिटीच्या लोकांना दिली, आणि ती पचवायला ऑपरेटरपेक्षा त्यांनाच जास्त वेळ लागला.

त्यानंतर घड्याळांकडे वळलो. डिटेक्टरच्या पॅनेलवर प्रत्येक बाहेर टाकलेल्या पिशवीची वेळ साठवली जाते, आणि त्या जागेवर सीसीटीव्हीही आहे. तक्ता, पॅनेल आणि सीसीटीव्ही हे तीन पुरावे एकमेकांना दुजोरा देतील अशी आमची समजूत होती. तपासले तर सीसीटीव्ही अकरा मिनिटे पुढे आणि पॅनेल सहा मिनिटे मागे. दूरवरच्या ऑडिटरसाठी वेळेचा मेळ हा जवळजवळ एकमेव साक्षीदार असतो, त्यामुळे आता दर सोमवारी सकाळी भिंतीवरचे घड्याळ, पॅनेल, सीसीटीव्ही आणि ड्रायरचा तापमान नोंदक ही चारही घड्याळे फोनच्या वेळेशी जुळवतो आणि तशी नोंद ठेवतो. आपल्या कारखान्यात एकच गोष्ट आज करायची असेल तर ही करावी. पाच मिनिटे लागतात.

चाचणी दाखवण्याची पद्धतही सुधारली. फोन आता दोन मीटरवर स्टँडवर असतो आणि झूम वापरतो. आपल्या यंत्राला किती अंतर पुरते ते ऑडिटच्या आधी रिकाम्या वेळी तपासून जमिनीवर खूण करून ठेवावी. तुकडे पिशवीच्या पुढच्या टोकाला, मध्ये आणि मागच्या टोकाला ठेवून सोडतो, आणि ते शक्य तितके यंत्राच्या तोंडाच्या मध्यातून जातील असे पाहतो, कारण मध्यभागी यंत्राची संवेदनशीलता सर्वांत कमी असते. कडेने सोडलेला तुकडा सापडला याने फारसे सिद्ध होत नाही. स्टेनलेस स्टीलचा तुकडा आमच्याकडे २.५ मिलिमीटरचा आहे, लोखंडाचा १.५ चा, स्टील पकडायला सर्वांत अवघड, म्हणून तो कॅमेऱ्यासमोर सर्वांत सावकाश दाखवतो. चाचणी फसली तर काय करायचे हेही ऑपरेटरने दाखवायला हवे : पट्टा थांबवायचा, आधीच्या यशस्वी चाचणीपासूनचा सगळा माल बाजूला काढून अडवून ठेवायचा, यंत्र दुरुस्त झाल्यावर तो पुन्हा पास करायचा. बहुतेक कारखाने चाचणी पास झालेली दाखवतात आणि इथेच थांबतात.

ऑडिटची वेळ आणि उत्पादनाची वेळ

हे सगळे असूनही देखरेख न दिसण्याचे एक साधे कारण उरते, ते म्हणजे ऑडिटर तिथे पोहोचतो तेव्हा चाचणीची वेळच नसते. ऑडिटचा आराखडा आला की आपण त्याला होकार देऊन मोकळे होतो. तसे न करता आराखडा उत्पादनाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवावा आणि पंधरा दिवस आधी ऑडिटरला लिहून कळवावे की अमुक चाचणी अमुक वेळी होते, त्या वेळी शेडमध्ये असावे. ही विनंती चांगले ऑडिटर आनंदाने मानतात. केळी वेफर्सवाल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) पंचवीस टक्क्यांच्या वर जाऊ नयेत हा एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे; त्याचे मोजमाप कढई चालू असतानाच दाखवता येते, आणि जेवणानंतर कढई बंद असेल तर ऑडिटरसमोर फक्त कालचा आकडा उरतो. वाफेने भिंगावर धुके येते, म्हणून पुसायला कोरडे कापड जवळ ठेवावे आणि मीटरची स्क्रीन कढईपासून दूर नेऊन दाखवावी.

मुलाखतीबद्दलही एक गोष्ट. ब्लोअरच्या आवाजात ऑपरेटरला प्रश्न ऐकू येत नाही, म्हणून शेजारचा मॅनेजर उत्तर देतो, आणि ऑडिटर लिहितो की कर्मचाऱ्याची समज पडताळता आली नाही. गोंगाट कापणारा माइक असलेला हेडसेट ऑपरेटरच्या कानावर द्यावा आणि मॅनेजरने दहा पावले मागे जावे. आमचे निम्मे लोक घरी अहिराणी बोलतात. हिंदी किंवा इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नापुढे ते गप्प होतात, आणि ते गप्प राहणे अज्ञान समजले जाते. मराठी जाणणारा ऑडिटर मिळावा अशी मागणी आम्ही प्रमाणन संस्थेकडे लेखी केली आणि ती मान्य झाली.

फोन हीसुद्धा शेडमध्ये येणारी परकी वस्तू आहे, हे विसरू नये. पुसता येणारे कव्हर, आत नेण्यापूर्वी निर्जंतुकीकरण, बाहेर आल्यावर स्क्रीनची काच शाबूत असल्याची नोंद, एवढे हवेच. कांदा पावडरच्या दळणखोलीत दळण चालू असताना फोन नेऊच नये. हवेत तरंगणारी बारीक पावडर पेट घेऊ शकते. ती खोली आम्ही दाराच्या काचेतून दाखवतो आणि कारण आधीच सांगतो. चित्रीकरण साठवायचे की नाही, स्क्रीनचे फोटो घ्यायचे की नाही, याबद्दल लेखी संमती आधी व्हावी. दूरस्थ ऑडिटसाठीच्या आयएएफच्या (प्रमाणन क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या) एमडी ४ या दस्तऐवजातही माहितीच्या सुरक्षेबद्दल अशी आधीची सहमती अपेक्षित आहे.

जे कॅमेऱ्याने होत नाही

गोदामातला कुबट वास, पन्हाळीमागची बुरशी, उंदराची ताजी लेंडी आणि जुनी लेंडी यांतला फरक, या गोष्टी फोनवरून समजत नाहीत, आणि त्या समजतात असा आव आपणही आणू नये. महामारीत, २०२० मध्ये, संपूर्ण दूरस्थ ऑडिटची सोय करण्यात आली होती तेव्हा दुसरा इलाज नव्हता. एफएसएससी २२००० या अन्नसुरक्षा प्रमाणन योजनेच्या विभागलेल्या पद्धतीत कागदपत्रे दुरून पाहिली जातात आणि उत्पादन प्रत्यक्ष येऊन. दोन्हींमधले अंतर साधारणपणे तीस दिवसांच्या आत ठेवायचे असते. आम्हाला निवड मिळते तेव्हा आम्ही हीच पद्धत मागतो. खर्च जास्त येतो, तरी मागतो. उत्पादनाचा भाग दुरून द्यायचाच असेल तर फोनची, वाटेची आणि जोडणीची रंगीत तालीम जरूर करावी; ऑपरेटरच्या उत्तरांची करू नये.

चौथ्या ऑडिटमध्ये फोन स्टँडवर होता आणि तक्ता यंत्राच्या बाजूला टांगलेला होता. बाराच्या चाचणीची नोंद ऑपरेटरने १२.०९ अशी केली. ऑडिटरने विचारले, नऊ मिनिटे उशीर का झाला. त्याने हेडसेटवर सांगितले की पिशव्यांची ट्रॉली पट्ट्याजवळ अडकली होती, ती काढून मग चाचणी घेतली, आणि तसे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेही आहे. ऑडिटरने तो रकाना वाचला, पॅनेलवरची वेळ पाहिली आणि पुढची खोली दाखवायला सांगितली.